सारखं पांढरं जातंय, नवऱ्यालापण औषध द्यायचं का? एका ताईंना उत्तर

ताईंचा प्रश्न थोडक्यात सांगते. वय ३२, बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातलं गाव, दोन मुलं, धाकट्याच्या वेळेनंतर तांबी बसवलेली. वर्षभर अंगावरून पातळ, करडट पांढरं जातंय, मासळीसारखा वास येतोय, संबंध झाल्यावर आणि पाळी संपता संपता जास्तच. चार वेळा औषध झालं, दर वेळी आठवड्यात बरं वाटतं आणि महिना-दीड महिन्यात परत पहिले पाढे. सासूबाई म्हणतात उष्णता आहे, तांदळाचं धुवण पी. कुणीतरी सांगितलं गर्भाची पिशवीच काढून टाक, कटकट मिटली. आणि त्यांनी कुठंतरी वाचलंय की आता ह्याला नवऱ्यालापण औषध देतात, ते खरं का, आणि खरं असेल तर गोव्यात वेर्ण्याला कंपनीत असलेल्या, पंधरा दिवसांनी घरी येणाऱ्या नवऱ्याला हे सांगायचं कसं.

मी ह्याच भागात बायकांचा दवाखाना चालवते, आणि खरं सांगू, आठवड्यातून एकदा तरी ह्याच कहाणीची बाई समोर बसलेली असते, फक्त गाव वेगळं. तर ताई, तुम्ही विचारलंय नवऱ्याच्या गोळ्यांचं, त्याचं उत्तर देतेच, पण तुमच्या अख्ख्या मेसेजमध्ये एक वाक्य मला कुठंच सापडलं नाही, ते म्हणजे कुणी आत बघून तपासलं. चार वेळा औषध आणि तपासणी एकदाही नाही असं दिसतंय. ह्यात तुमचा दोष नाही, आपल्याकडं असंच चालतं. बाई म्हणते पांढरं जातंय, समोरचा चिठ्ठी लिहितो, बाई लाजून लवकर उठते, मेडिकलवाला कागदात गुंडाळून देतो, झालं. १९८९ साली डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायकांचा अभ्यास लॅन्सेट ह्या डॉक्टरी मासिकात छापला होता, त्यात ९२ टक्के बायकांना अंगावरचं काही ना काही दुखणं निघालं आणि त्याआधी कधी आतून तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. आता दवाखाने वाढले, पण पडद्यामागं टेबलावर झोपायचं म्हटलं की 'नको ओ डॉक्टर, नुसती गोळीच द्या' हे अजून रोज ऐकते मी.

का तपासायचं, तर पांढरं जाणं हा एक रोग नाहीच. थोडं जाणं सगळ्यांनाच असतं, पाळीच्या मधल्या दिवसांत तार धरणारं पातळ जातं, गरोदरपणात जास्त जातं, ह्याला औषध लागत नाही. दह्यासारखं घट्ट, खाज भरपूर, वास नाही, ते बहुतेक बुरशीचं, आणि ते वारंवार होत असेल तर मी आधी शुगर बघते. हिरवट-पिवळं, फेसाळ, आग होणारं असेल तर ट्रायकोमोनास, म्हणजे संबंधातून पसरणारं इन्फेक्शन, त्यात तर नवऱ्यालाही औषध द्यायचं हे जुनंच शास्त्र आहे, नवीन काही नाही. पिशवीच्या तोंडाला इन्फेक्शन असेल तर गोळ्या आणखी वेगळ्या. आणि एक गोष्ट मी मुद्दाम सांगते कारण ती कुणी बोलत नाही. आपल्या शेजारच्या गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या टीमनं जवळजवळ अडीच हजार बायकांचा अभ्यास केला होता, त्यात पांढरं जाण्याच्या तक्रारीचा इन्फेक्शनशी संबंध कमी निघाला आणि मनावरचा ताण, उदासी, घरातला त्रास ह्यांच्याशी जास्त निघाला. म्हणजे बाई खोटं बोलते असं अजिबात नाही, तिला त्रास होतोच आहे, पण दर वेळी गोळी हे त्याचं उत्तर नाही.

तुमचं वर्णन मात्र, करडट, पातळ, मासळीसारखा वास, संबंधानंतर वाढणारा, हे बॅक्टेरियल व्हजायनोसिसकडं बोट दाखवतंय, आम्ही बीव्ही म्हणतो. पण बोट दाखवतंय, एवढंच, बघितल्याशिवाय शिक्का मारणार नाही. बघायला फार काही लागत नाही हो. स्पेक्युलम घालून आत बघायचं, बाजूच्या भिंतीवर पातळ थर चिकटलेला दिसतो. आंबटपणा मोजणारी पीएच पेपरची पट्टी लावायची, साडेचारच्या वर गेली तर संशय पक्का होत जातो. मग स्लाइडवर थोडं स्राव घेऊन केओएच नावाच्या रसायनाचा एक थेंब टाकायचा, टाकल्याबरोबर भस्सकन मासळीचा वास येतो, टेबलाशी उभी असलेली आमची सिस्टरच आधी म्हणते 'मॅडम, आला'. दुसऱ्या स्लाइडवर सलाइनचा थेंब टाकून मायक्रोस्कोपखाली पेशी बघायच्या, ज्यांच्या कडा जंतू चिकटून धूसर झालेल्या असतात. चारातली तीन लक्षणं जुळली की बीव्ही. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम.

आता हे होतं कशानं. निरोगी बाईच्या आत लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतू असतात, दह्यातल्या जंतूंचे भाऊबंद, ते आम्ल तयार करतात म्हणून आतली जागा आंबट राहते आणि वाईट जंतूंचं काही चालत नाही. हे चांगले जंतू कमी झाले की दुसरे, हवा न लागणारे जंतू माजतात, आंबटपणा जातो, वास सुटतो. वीर्य अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट असतं, रक्तही थोडं अल्कलीकडंच, म्हणून संबंधानंतर आणि पाळीत वास वाढतो, तुम्ही जे नोटीस केलंय ते अगदी बरोबर आहे. ह्यात अस्वच्छतेचा काही संबंध नाही. उलट डेटॉल, साबण, ते जाहिरातीतलं वॉश आत घालून धुतलं की उरलेसुरले चांगले जंतूपण जातात आणि प्रकरण वाढतं. आणि हो, दह्यातल्या जंतूंचे भाऊबंद म्हटलं म्हणून दही आत लावायला जाऊ नका, अशा बायका येतात म्हणून सांगते, जंतू वेगळे आहेत.

औषध आहे आणि ते लागू पडतं. मेट्रोनिडाझोल ४०० ची गोळी दिवसातून दोनदा सात दिवस, किंवा आत लावायचं क्लिंडामायसिन क्रीम. सरकारी दवाखान्यात हिरव्या रंगाचं किट मिळतं, त्यात सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल असतं, एका दमात घ्यायचं, ते पहिल्या वेळेला ठीक आहे. अडचण पुढं आहे. बरं झालेल्या बायकांपैकी निम्म्याहून जास्तींना काही महिन्यांत परत होतं, जगात सगळीकडं, फक्त खानापुरात नाही. आम्ही डॉक्टर लोक कितीतरी वर्षं हेच करत आलो, परत आली की परत तेच औषध, नाव बदलून.

मग परत येतं कुठून. जगभरच्या पुस्तकांत आत्ताआत्तापर्यंत लिहिलेलं होतं की नवऱ्याला औषध देऊन उपयोग नाही. त्याला कारण होतं, जुन्या ट्रायल झाल्या होत्या, त्यांत पुरुषांना गोळ्या दिल्या आणि बायकांच्या परत होण्यात फरक पडला नाही. पण त्या बहुतेक ठिकाणी पुरुषांना नुसत्या पोटातल्या गोळ्या दिल्या होत्या. नंतर तपासण्यांत दिसत गेलं की हेच जंतू पुरुषाच्या पुढच्या कातडीखाली आणि लघवीच्या नळीत बसलेले असतात, त्याला काही त्रास नाही, खाज नाही, वास नाही, म्हणून त्याला पत्ता पण नसतो. कातडीवरच्या जंतूंना पोटातली गोळी पुरत नसणार, हा विचार करून ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या डॉक्टरांनी वेगळी ट्रायल केली आणि ती मार्च २०२५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ह्या डॉक्टरी मासिकात आली. तुम्ही जे वाचलंय ते बहुतेक ह्याचंच.

१६४ जोडपी होती, एकनिष्ठ, म्हणजे दोघांचं बाहेर कुठं काही नाही अशी. सगळ्या बायकांना नेहमीचं औषध दिलं. अर्ध्या जोडप्यांत नवऱ्यालाही सात दिवस मेट्रोनिडाझोल ४०० दोन वेळा आणि त्याबरोबर २ टक्के क्लिंडामायसिन क्रीम दोन वेळा कातडीवर लावायला दिलं, उरलेल्यांत नवऱ्याला काहीच नाही. बारा आठवड्यांत नवऱ्याला औषध न दिलेल्या गटात शंभरातल्या ६३ बायकांना परत झालं, दिलेल्या गटात ३५ जणींना. फरक एवढा स्पष्ट होता की देखरेखीच्या कमिटीनं ट्रायल मध्येच थांबवली, कारण दुसऱ्या गटाला औषधाशिवाय ठेवणं बरोबर नव्हतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेतल्या स्त्रीरोग डॉक्टरांच्या संघटनेनंही, ज्यांना वारंवार होतं त्यांच्या जोडीदाराला एकाच वेळी औषध द्या असं सांगितलं. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर, होय, खरं आहे, आणि तपासणीत बीव्हीच निघालं तर तुमच्यासारखीला मी ते देईन.

पण ३५ हा आकडा पण बघा की. नवऱ्याला औषध देऊनही तिसरा हिस्सा बायकांना परत झालंच, म्हणजे जादू नाही ही. बारा आठवड्यांपर्यंतच बघितलंय, वर्ष-दोन वर्षांचं नाही. कोण औषध घेतंय आणि कोण नाही हे दोघांनाही माहीत होतं, खोट्या गोळ्या दिल्या नव्हत्या. आणि तिथल्या बहुतेक पुरुषांची सुंता झालेली नव्हती, हे आपल्याकडच्या बऱ्याच घरांना जुळतं, सगळ्यांना जुळेल असं नाही. माझा अनुभव काय तर जिथं नवऱ्यानं क्रीम प्रामाणिकपणे लावलं तिथं फरक दिसतो, आणि जिथं 'मला काय झालंय' म्हणून ट्यूब कपाटात राहिली तिथं बाई परत येते. त्या ट्रायलमध्येही औषध पूर्ण घेणाऱ्यांच्या बायकांना फायदा जास्त होता.

लावायचं कसं ते स्पष्टच सांगते कारण मेडिकलवाला सांगणार नाही आणि नवरा विचारणार नाही. कातडी मागं ओढून शिश्नाचं टोक, त्याच्या मागची खाच, कातडीची आतली बाजू आणि वरचा निम्मा भाग, सकाळ-संध्याकाळ पातळ थर, सात दिवस. क्रीम २ टक्केवालं, जे आत लावायला मिळतं तेच. चेहऱ्यावरच्या मुरुमांची १ टक्का क्लिंडामायसिन जेल मिळते आणि दुकानदार 'तेच आहे ओ' म्हणून देतो, ते तेच नाही, नाजूक जागी आग होते ती वेगळीच. हे क्रीम तेलकट असतं, त्यानं कंडोम कमकुवत होतो, म्हणून ते चालू असताना आणि नंतर पाच दिवस कंडोमवर भरवसा नको. तसंही दोघांचं औषध पूर्ण होईपर्यंत संबंध नकोतच, हा भाग बायका सांगतात पण पाळला जात नाही.

दारूचं विचारणारच तुम्ही, गोव्यात आहे म्हणता. मेट्रोनिडाझोलवर दारू घेतली की उलट्या होतात असं आम्ही वर्षानुवर्षं सांगत आलो, अमेरिकेच्या सीडीसीनं, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेनं, २०२१ च्या गाइडलाइनमध्ये ते बंधन गरजेचं नाही म्हटलंय, पुरावा कच्चा निघाला. तरी मी सात दिवस नको म्हणूनच सांगते, कारण पिणारा माणूस गोळी चुकवतो, माझं कारण तेवढंच. तोंडाला धातूची चव येते, मळमळतं, डोकं दुखतं, हे चालतं, जेवल्यावर घ्यायची. ज्याला लिव्हरचा त्रास आहे किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू आहे त्यानं आधी सांगायचं. म्हणूनच नवऱ्याची चिठ्ठी त्याच्याशी बोलल्याशिवाय मी देत नाही, निदान फोनवर तरी.

आता सांगायचं कसं. मला वाटतं तुमचा खरा प्रश्न हाच आहे, बाकीचं निमित्त. दोन भीती असतात. एक, नवरा म्हणेल तुझं कुठंतरी आहे. दोन, बाईच्याच मनात येतं की ह्याचं गोव्यात कुठंतरी आहे. ताई, बीव्हीवरून ह्यातलं काहीही सिद्ध होत नाही. ज्या बाईचा आयुष्यात एकच नवरा आणि नवऱ्याची एकच बायको अशांनाही हे होतं, त्या ट्रायलमधली जोडपी तशीच होती आणि जंतू दोघांच्यात फिरत राहिले. त्यामुळं ह्यावरून जाब विचारायला जाऊ नका आणि कुणी विचारला तर मान खाली घालू नका. अर्थात तुम्हाला दुसऱ्या कारणानं खरंच संशय असेल तर गोष्ट वेगळी, मग एचआयव्ही, सिफिलिस, हेपॅटायटिस बीची रक्ततपासणी दोघांची करून घ्या, जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात सुरक्षा क्लिनिक असतं, तिथं पैसे लागत नाहीत आणि नाव बाहेर जात नाही.

माझ्याकडं बहुतेक वेळा नवरा बाहेर असतो, हेल्मेट हातात धरून मेडिकलच्या पायरीवर. मी सिस्टरला पाठवून आत बोलावते. आला की आधी बसायला सांगते, बायकोसमोरच बोलते, आणि 'तुमच्यामुळं झालंय' हे वाक्य कधीच वापरत नाही. म्हणते, 'हे बघा, तुमच्या मिसेसला जंतूंचा त्रास आहे, तिला औषध देऊन देऊन दमलो, आता नवीन अभ्यासात निघालंय की दोघांनी एकदम घेतलं तरच टिकतं, सात दिवसांचं काम आहे, तुम्हाला काही आजार नाही.' शेवटचं वाक्य महत्त्वाचं. परवा एक दादा म्हणाले, 'मला काही होत नाही मग मी का घेऊ?' मी म्हटलं, 'वर्षभर तिच्या औषधाला किती गेले?' त्यांनी बायकोकडं बघितलं, तिनं आकडा सांगितला, आणि ते म्हणाले द्या चिठ्ठी. पैशाची भाषा बरोबर कळते आपल्याकडं, काय करणार. तुम्हीपण फोनवर एवढंच सांगा की डॉक्टरनी दोघांना बोलावलंय, बाकी डॉक्टरवर टाका, त्यासाठीच आम्ही बसलोय.

नवरा लांब असण्याचा एक फायदाच आहे. तारीख ठरवून दोघांनी त्याच दिवशी सुरू करायचं, तो तिकडं तुम्ही इकडं, सात दिवस संबंध नकोत ही अट आपोआप पाळली जाते. फक्त पुढं-मागं नको. तुमचं संपलं आणि पंधरा दिवसांनी त्याचं सुरू झालं तर सगळं मुसळ केरात. आणि तो अजिबात तयारच नसेल तर तुमचा रस्ता बंद होत नाही. नेहमीचं औषध पूर्ण करून मग आत लावायची मेट्रोनिडाझोल जेल आठवड्यातून दोनदा, काही महिने, हा जुना उपाय आहे, त्यानं दबून राहतं, जेल बंद केल्यावर मात्र पुष्कळजणींना परत होतं. कंडोमनंही फरक पडतो. प्रोबायोटिकच्या महागड्या कॅप्सूलवर पैसे घालू नका. २०२० मध्ये एका खास जंतूवर, लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटसवर, ट्रायल झाली, परत होण्याचं प्रमाण ४५ टक्क्यांवरून ३० वर आलं, पण तो जंतू आत ठेवायचा होता, आणि दुकानातल्या बहुतेक कॅप्सूलमध्ये तो नसतो.

तांबीचं म्हणाल तर तांबी असलेल्यांत बीव्ही जरा जास्त दिसतं असं काही अभ्यासांत आहे. पण म्हणून पहिल्याच फटक्यात काढायची नाही, मेलबर्नच्या ट्रायलमध्येही आययूडी, म्हणजे तांबीसारखं साधन बसवलेल्या बायका होत्याच. दोघांचं औषध होऊन, तीन महिने बघून, तरी परत आलं तर मग तांबी काढून दुसरं काही बघू, आणि तेव्हासुद्धा दुसरं साधन हातात असल्याशिवाय काढायची नाही, नाहीतर पांढऱ्याच्या नादात तिसरं.

आणि पिशवी. ह्यावर मला राग येतो म्हणून जरा जोरात लिहिते. बीव्ही पिशवीत होतच नाही, ते खालच्या मार्गात होतं. पिशवी काढली तरी तो मार्ग तिथंच असतो, जंतू तिथंच असतात, वास तिथंच असतो. वर बत्तीसाव्या वर्षी ऑपरेशन, त्यात अंडाशय काढले तर लगेच पाळी गेल्यासारखं सगळं सुरू, हाडं ठिसूळ, अंगातून वाफा, आणि काढले नाहीत तरी पाळी जाण्याचं वय अलीकडं येऊ शकतं. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, सरकारनं नीलम गोऱ्हे यांची समिती नेमली, त्या बायकांच्याही तक्रारी बऱ्याचदा अशाच होत्या, पांढरं जातंय, पोट दुखतंय. उसाच्या पट्ट्यात आपणही आहोत. पांढरं जातंय एवढ्यावरून कुणी पिशवी काढा म्हटलं तर कागद घेऊन सरळ दुसऱ्या डॉक्टरकडं जायचं. सासूबाईंचं तांदळाचं धुवण मात्र प्या हवं तर, त्यानं बीव्ही जाणार नाही पण नुकसानही नाही, घरात शांतता राहते.

थांबून बघायचं नाही अशा गोष्टी वेगळ्या आहेत. संबंधानंतर रक्त, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त, रक्ताळलेलं घाण पाणी, ताप आणि ओटीपोटात कळ, किंवा पाळी चुकलेली असताना हा त्रास, ह्यातलं काही असेल तर लगेच दाखवा. आणि तिशी ओलांडली आहे, आत बघणारच आहेत तर त्याच वेळी पिशवीच्या तोंडाची कॅन्सरची तपासणी करा म्हणून सांगा, पॅप किंवा एचपीव्ही जी मिळेल ती, इन्फेक्शन फार असेल तर डॉक्टर औषधानंतर बोलावतील.

तपासायला जाताना पाळी चालू नको, आदल्या दोन दिवसांत संबंध नकोत, आत काही लावलेलं नको आणि धुऊन साफ करून येऊ नका, वास येतोय म्हणून लाजून बायका नेमकं तेच करून येतात आणि मग स्लाइडवर काहीच दिसत नाही. आधीच्या चारही चिठ्ठ्या बरोबर घ्या, नसतील तर गोळ्यांची रिकामी पाकिटं. खानापुरात सोय नसेल तर बेळगावला, आणि जमलं तर नवरा सुट्टीवर असेल त्या शनिवारी जा, दोघांचं एकाच फेरीत होतंय.